आग होते, हे सांगायचं कुणाला?

(न्हावा शेवा परिसरातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या परिचारिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी खाडीकाठच्या गावांत घरोघर जाऊन बाळंतिणींची विचारपूस केली आणि पाळणा लांबवण्याचे उपाय बायकांना समजावून सांगितले. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय त्यांच्या कामातलाच असावा. म्हणून गर्भ राहू नये यासाठी योनीमार्गात ठेवायच्या औषधांबद्दल, आणि मुख्यतः त्यांच्या दुष्परिणामांबद्दल मी आज बोलणार आहे. हा विषय सभेत निघाला की माना खाली जातात. पण हीच औषधं मेडिकलच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. पुडी कागदात गुंडाळून हातात पडते आणि पुढे काही त्रास झाला तर विचारायला कुणी नसतं. जी वस्तू उघड विकली जाते, तिच्याबद्दल उघड बोललंही पाहिजे.

या औषधांना शुक्रजंतुनाशक म्हणतात. गोळी, वडी, जेली, फेस, पातळ पापुद्रा अशी रूपं निरनिराळी असली तरी आतला घटक बहुतेक वेळा एकच असतो, नॉनॉक्सिनॉल-9. आपल्याकडे ‘टुडे’ नावाने मिळणाऱ्या वडीत तोच आहे. संबंधाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी वडी योनीमार्गात खोलवर, गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवायची आणि तिला विरघळायला वेळ द्यायचा. तिचा असर साधारण तासभर टिकतो. पुन्हा संबंध आला तर पुन्हा नवी वडी लागते, आणि नंतर निदान सहा तास आतून धुवायचं नसतं. एका खोलीत चार-पाच माणसं झोपणाऱ्या घरात हे वेळापत्रक कसं पाळायचं, याचा विचार वेष्टनावरच्या सूचना लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

नॉनॉक्सिनॉल-9 हे साबणाच्या कुळातलं रसायन आहे. तव्यावरचा तेलकट थर साबण जसा सोडवतो, तसं ते शुक्रजंतूभोवतीचं स्निग्ध आवरण मोडतं. आवरण मोडलं की शुक्रजंतू जागीच निकामी होतो. अडचण अशी, की योनीमार्गाच्या अस्तरातल्या पेशींचं आवरणही स्निग्धच असतं. शुक्रजंतू कोणता आणि बाईची पेशी कोणती, हे त्या रसायनाला ओळखता येत नाही. त्यामुळे या औषधाचा गुण आणि दोष वेगळे काढता येत नाहीत. ज्या ताकदीने ते गर्भधारणा टाळतं, त्याच ताकदीने ते अस्तराला डिवचतं.

एखाद्या वेळी वापरलं तर पुष्कळ जणींना काहीच जाणवत नाही. काहींना आग होते, खाज सुटते, कोरडं वाटतं, अंगावरून पाणी किंवा पांढरं जातं. नवऱ्यालाही जळजळ होऊ शकते. कुणाला त्या रसायनाची किंवा वडीतल्या दुसऱ्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असते, मग पुरळ उठतं, सूज येते. या तक्रारी वापर थांबवला की बहुधा ओसरतात. म्हणून डॉक्टरही त्यांना किरकोळ म्हणतात. मला हा शब्द इथे मान्य नाही. रात्रभर आग सोसणाऱ्या बाईसाठी ती किरकोळ नसते, आणि ती आग शरीराने दिलेली इशारत असते, हे मी पुढे सांगणार आहे.

त्याआधी लघवीच्या जंतुसंसर्गाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण आपल्या भागातल्या बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार रोजची आहे. बायका म्हणतात, ‘उन्हाळी लागलीय’, थेंब थेंब होते, जळजळते, ओटीपोटात कळ येते. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू वस्तीला असतात. ते आम्लता राखतात आणि बाहेरच्या जंतूंना पाय रोवू देत नाहीत. नॉनॉक्सिनॉल-9 या उपकारक जिवाणूंना मारतं. आतड्यातून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. राखणदार गेले, की तो जंतू मोकळ्या जागेत शिरतो आणि तिथून मूत्रमार्गात चढतो. अमेरिकेतल्या सिएटल शहरात तरुण स्त्रियांचा पाठपुरावा करून थॉमस हूटन आणि वॉल्टर स्टॅम यांच्या गटाने 1996 साली दाखवून दिलं, की शुक्रजंतुनाशक लावून गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची टोपी वापरणाऱ्यांना हा संसर्ग होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. शुक्रजंतुनाशक चोपडलेल्या निरोधबाबतही असेच निष्कर्ष निघाले.

आता आपल्याकडे काय घडतं ते बघा. बाई उन्हाळीची तक्रार घेऊन येते, तिला गोळ्या मिळतात, बरं वाटतं. महिन्याभराने ती पुन्हा येते. भरपूर पाणी प्या, स्वच्छता ठेवा, असं तिला सांगितलं जातं. स्वच्छतेचा सल्ला ऐकून ती बिचारी आतून साबणाने धुवायला लागते आणि उरलेसुरले उपकारक जिवाणूही घालवते. ‘मूल होऊ नये म्हणून तू काय वापरतेस?’ हा एक प्रश्न कुणी विचारलेला नसतो. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की वारंवार उन्हाळी लागणाऱ्या प्रत्येक विवाहित-अविवाहित स्त्रीला हा प्रश्न विचारा. कित्येकदा औषधाची दुसरी चिठ्ठी लिहिण्याची गरजच पडणार नाही.

एक भीती मात्र मी दूर करू इच्छिते. वडी वापरूनही दिवस गेले तर बाळात व्यंग येईल, असं अनेकींना वाटतं. 1981 साली अमेरिकेत एका अभ्यासाने तशी शंका घेतली होती आणि त्यावरून तिथे कोर्टकज्जेही झाले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांमध्ये ती शंका टिकली नाही. तेव्हा त्या कारणाने कुणी घाबरू नये. घाबरायचंच असेल तर दिवस जाण्याच्या शक्यतेला घाबरावं. शंभर जणींनी वर्षभर नुसतं शुक्रजंतुनाशक, रोजच्या जगण्यात जमेल तसं वापरलं, तर 21 ते 28 जणींना दिवस जातात. अगदी नियमाने वापरलं तरी 16 ते 18 जणींना जातात. निरोधच्या बाबतीत रोजच्या वापरात हा आकडा 13 च्या आसपास आहे आणि तांबीच्या बाबतीत शंभरात एकही भरत नाही. नको असलेलं गरोदरपण हाच या औषधाचा सर्वांत मोठा दुष्परिणाम आहे, असं मी म्हणेन. वडीच्या वेष्टनावर तो दुष्परिणाम म्हणून छापलेला नसतो.

मग इतकं अपुरं साधन बायकांना हवंसं का वाटलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं होतं. त्या काळात इंग्लंडमध्ये कोको बटर आणि क्विनाइनच्या वड्या विकल्या जात. लंडनचे औषधविक्रेते वॉल्टर रेंडेल यांनी त्या 1880 च्या दशकात बाजारात आणल्या होत्या. कर्व्यांना या कामापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यांच्यावर झालेल्या खटल्यांपैकी एक खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकील म्हणून त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. लोकांनी आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारला आणि एका जाणत्या माणसाने उत्तर दिलं, एवढाच तो गुन्हा होता.

1935 च्या अखेरीस संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर भारतात आल्या. डिसेंबरात वर्ध्याला त्या गांधीजींना भेटल्या. गांधीजी संयमाखेरीज दुसरा उपाय मानायला तयार नव्हते. सँगर यांचा भर मात्र फेसाच्या भुकटीसारख्या स्वस्त साधनांवर होता, कारण ती बाईच्या हातात राहतात, नवऱ्याची संमती मागावी लागत नाही आणि डॉक्टरकडेही जावं लागत नाही. हाच या औषधांचा खरा ओढा होता आणि आजही आहे. पंजाबात खन्ना इथे 1950 च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांनी गावागावांत फेसाच्या गोळ्या वाटून पाहिल्या. लोक भिडेखातर गोळ्या घेत, वापरत मात्र नसत, हे अभ्यासक महमूद ममदानी यांनी पुढे त्याच भागात जाऊन नोंदवलं. जन्मदरावर सांगण्यासारखा परिणाम झाला नाही. आज सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी आणि शस्त्रक्रिया मिळतात. त्या यादीत शुक्रजंतुनाशक नाही. ते राहिलं खासगी दुकानात, म्हणजे जिथे आशाताईची नजर पोचत नाही तिथे.

आता मी या व्याख्यानाच्या मुख्य भागाकडे येते, आणि तो बंदराशी निगडित आहे.

एड्सची साथ जगभर पसरू लागली तेव्हा प्रयोगशाळेत असं दिसलं, की नॉनॉक्सिनॉल-9 काचेच्या नळीत एचआयव्हीलाही मारतं. फार मोठी आशा निर्माण झाली. नवरा किंवा गिऱ्हाईक निरोध वापरायला तयार नसेल, तर बाईला निदान स्वतःपुरतं संरक्षण मिळेल, असं वाटलं. नैरोबीत 138 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. औषधाचा स्पंज वापरणाऱ्या स्त्रियांना जननमार्गात जखमा जास्त झाल्या आणि संरक्षण मिळालं नाही. कॅमेरूनमध्ये सुमारे तेराशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीतही, 1998 साली, फायदा दिसला नाही. तरी आशा सुटली नाही. कमी मात्रेची जेली कदाचित सोसवेल, असा विचार करून बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड इथे एक मोठी चाचणी झाली. कोतोनू, आबिदजान आणि डर्बन ही तिन्ही आफ्रिकी केंद्रं बंदरांची शहरं आहेत. डर्बनच्या गटाचं नेतृत्व गीता रामजी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ करत होत्या. तिथल्या सहभागी स्त्रिया डर्बन बंदरातून आत जाणाऱ्या महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर देहविक्रय करून पोट भरत होत्या.

जुलै 2000 मध्ये डर्बनच्याच जागतिक एड्स परिषदेत निकाल जाहीर झाला आणि 2002 मध्ये लूत व्हान डाम व सहकाऱ्यांनी तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. औषधाची जेली वापरणाऱ्या 376 स्त्रियांपैकी 59 जणींना एचआयव्हीची लागण झाली. औषध नसलेली जेली वापरणाऱ्या 389 जणींपैकी 45 जणींना झाली. म्हणजे औषधाने वाचवलं तर नाहीच, उलट धोका वाढला. ज्या स्त्रिया दिवसातून सरासरी साडेतीनपेक्षा जास्त वेळा ते वापरत होत्या, त्यांच्यात हा धोका जवळजवळ दुप्पट होता. वारंवारच्या माऱ्याने अस्तर सोलवटत होतं आणि त्या उघड्या जागेतून विषाणू आत शिरत होता. ज्या आगीला आपण किरकोळ म्हणत होतो, ती याच सोलवटण्याची खूण होती.

त्या स्त्रियांनी वचन दिल्याप्रमाणे औषध वापरलं, तपासण्या करून घेतल्या, त्यातून जगाला हे ज्ञान मिळालं. त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांच्याबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांनी नॉनॉक्सिनॉल-9 वापरू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2007 मध्ये अशा उत्पादनांवर ठळक इशारा छापणं सक्तीचं केलं. गुदमार्गातलं अस्तर तर याहून नाजूक असतं, तिथे हे औषध कधीच वापरू नये.

आता आपल्या बंदराकडे या. 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्याआधी इथल्या शेतकऱ्यांनी आणि मिठागरांवर राबणाऱ्यांनी जमिनी दिल्या, शेव्याच्या कोळ्यांनी गाव सोडलं, जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात जमिनीसाठीच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले. हे तुम्हाला मी सांगायला नको. करळ फाट्यापासून सोनारी-जसखारपर्यंत कंटेनर ट्रेलरची रांग उभी असते, तेव्हा त्यातला प्रत्येक चालक आपल्या घरापासून शेकडो कोस दूर असतो. त्याच्याकडे बोट दाखवण्यासाठी मी हे बोलत नाही. तो मजूर आहे, त्याचं दुखणं हेही आपल्याच गावातलं दुखणं आहे. मला म्हणायचंय ते वेगळंच आहे: ‘धोका जास्त असलेली स्त्री’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला उभी असलेली बाई येते, आणि तिथेच आपण फसतो.

पुण्यात 1990 च्या दशकात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेक जणी लग्नाच्या, एका नवऱ्याशी एकनिष्ठ असलेल्या. त्यांच्या बाबतीत धोका होता तो नवऱ्याकडूनच. आज उपचार आहेत, साथ पुष्कळ आटोक्यात आहे, तरी या अभ्यासाचा धडा जुना झालेला नाही. आपल्याला धोका आहे की नाही, हे बाईला माहीत असतंच असं नाही. आणि ते माहीत नसताना तिने घेतलेली पुडी तिच्या अस्तराला इजा करू शकते.

अस्तर आधीपासूनच सुजलेलं असेल तर? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तो निबंध जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना जननमार्गाचा कुठला ना कुठला आजार होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाकीच्यांनी सोसलं होतं, कारण विचारलं कुणीच नव्हतं. उरण-पनवेल तालुक्यांतली परिस्थिती आज तशीच आहे असा माझा दावा नाही. पण पांढरं जाणं हे बाईच्या जातीला असायचंच, हे वाक्य मी अजूनही ऐकते. अशी बाई तपासणी न करता वडी वापरू लागली, आग वाढली, तर तिला वाटतं आपल्यातच काही खोट आहे. ती वडी बंद करते, कुणाला सांगत नाही, आणि दोन महिन्यांनी पाळी चुकते.

मग हे औषध कुणीच वापरू नये का? मी तसं म्हणत नाही. त्यात हार्मोन नाहीत, अंगावरच्या दुधावर परिणाम होत नाही, वापर थांबवला की असर संपतो. जिथे दोघांचीही एचआयव्ही तपासणी होऊन लागण नसल्याचं कळलेलं आहे, संबंध क्वचित येतो, दिवस गेलेच तर आभाळ कोसळणार नाही, तिथे एखादीने ते वापरलं तर हरकत नाही. मात्र रोज, दिवसातून अनेक वेळा, वारंवार उन्हाळी लागत असताना, जखम असताना किंवा पांढरं जात असताना, किंवा आजारापासून संरक्षण म्हणून ते वापरू नये. निरोधची जागा ते घेऊ शकत नाही. घरात पुडी सापडेल अशी भीती असणाऱ्या बाईसाठी दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. त्याने पाळी अनियमित होते, हे आधीच समजून घ्यावं. तांबी वर्षानुवर्षं काम करते. वडी चुकली असं वाटलं तर 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आहे. दिवस राहिलेच, तर साधन फसलं हे गर्भपातासाठी कायद्याने 1971 पासून मान्य केलेलं कारण आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. तो कायदा ज्या समितीच्या शिफारशींवर उभा राहिला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. गावठी उपायांकडे वळण्याचं कुणालाही कारण नाही.

सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या पुरुषांशीही मला बोलायचं आहे. बायकोला लपूनछपून वडी ठेवावी लागते, ती बहुतेक वेळा तुम्ही निरोधला नाही म्हणता म्हणून. र. धों. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या काळात स्वतःची नसबंदी करून घेतली होती. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. तिने आग सोसण्यापेक्षा तुम्ही एवढं करणं न्यायाचं आहे.

आणि बायांनो, कोणत्याही औषधाने त्रास झाला तर तो नोंदवता येतो. भारत सरकारचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. त्याचा 1800-180-3024 हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर 1097 वर फोन करा, नाव सांगावं लागत नाही. शेजारच्या बाईला आग होते असं कळलं, तर हे दोन्ही क्रमांक तिला द्या आणि तपासणीला तिच्यासोबत जा.